बाल्दास्सीसाहेबांची बार्नाबिना

एर्मेते बाल्दास्सी यांनी छत्तीस वर्षं कास्तेलमोरा नगरपालिकेत जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदणीच्या टेबलावर काढली आणि त्या छत्तीस वर्षांत एकही खाडाखोड केली नाही. त्यांनी शिक्का मारल्याशिवाय गावात कोणी जन्मलं नाही, आणि मेलेला माणूसही शिक्का वाळेपर्यंत पुरता मेला असं धरलं जात नसे. अशा माणसाने निवृत्त झाल्यावर शांतपणे बागेतल्या बाकावर बसून पेपर वाचावा, अशी बायकोची अपेक्षा होती. ती जास्त होती असं कोणी म्हणणार नाही. पण एका रविवारी दुपारी, जेवायला व्याही आलेले असताना, बाल्दास्सीसाहेब एक वाक्य बोलून गेले.

"त्यात काय एवढं? मी करतो घरी."

बायको इओले शेवया वाढत होती. तिचा हात हवेतच थांबला. तेहतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने चार वेळा ऐकलं होतं. पहिल्या वेळी त्यातून एक कपाट तयार झालं होतं, ज्याचं दार फक्त आतून उघडायचं. बाकीच्या तीन वेळांबद्दल ती बोलत नसे.

वाक्य बार्नाबिनाबद्दल होतं. डोंगरावरच्या सान बार्नाबाच्या मठात अडीचशे वर्षं साधू ही औषधी दारू करतात. दारू म्हटलं की कास्तेलमोरात लोकांना राग येतो. दारू गुत्त्यात मिळते, बार्नाबिना मठात. रंग ओल्या शेवाळावर ऊन पडावं तसा. अंगठ्याएवढ्या पेल्यातून ती प्यायची. आधी गोड लागते, मग कडू, आणि मग आपण दुसऱ्याच विषयावर बोलायला लागलो की घशात कोणीतरी हळूच खिडकी उघडावी तसा गारवा येतो. पोट जड झालं तर बार्नाबिना, मयताच्या घरी कोणाला भोवळ आली तर बार्नाबिना, गुडघा धरला तर वरून चोळायला बार्नाबिना. गावचे डॉक्टरसुद्धा औषध लिहून देण्याआधी खालच्या आवाजात विचारतात, "ती घेऊन पाहिलीत का?"

आणि लग्नात तर तिच्यावाचून चालतच नाही. जेवणं झाली की दोन्ही व्याह्यांनी समोरासमोर उभं राहून एकेक पेला घ्यायचा, तेव्हा सोयरीक पक्की. त्याआधी चर्चमध्ये फादरनी जे काही केलेलं असतं, त्याला गाव प्राथमिक कारवाई समजतं.

बाल्दास्सींच्या नोर्माचं लग्न ऑक्टोबरात होतं. आणि जूनमध्ये मठाच्या दुकानाच्या दारावर कागद लागला: 'ब्रदर लिबोरिओ लिंडेनच्या झाडावरून पडले. दोन्ही मनगटं मोडली आहेत. यंदा बार्नाबिना नाही. प्रार्थना करावी.' ती कशी करायची हे त्या एका ब्रदर लिबोरिओंनाच ठाऊक होतं. त्यांना त्यांच्या गुरूंनी सांगितलं होतं, त्या गुरूंना त्यांच्या गुरूंनी. मठात उरलेले साधू सहा, आणि त्यांच्यापैकी कोणाला विचारावं तर ते आकाशाकडे बोट दाखवत. गावाने त्या मनगटांसाठी जेवढ्या कळकळीने प्रार्थना केली तेवढी कोणाच्या आत्म्यासाठीही केली नसेल. जुन्या बाटल्या त्याच दुपारी कपाटांत कुलूपबंद झाल्या. सख्खे भाऊ एकमेकांना सांगू लागले, "आमच्याकडची तर ईस्टरलाच संपली रे."

त्या रविवारी जेवणात हा विषय निघाला, तेव्हा इओलेचा धाकटा भाऊ ओत्ताव्हिओ म्हणाला, "कारखान्यातली आणू की! तीपण हिरवीच असते. लेबलावर साधूही असतो."

"लेबलावरचा साधू हसतो, ओत्ताव्हिओ," एर्मेते थंडपणे म्हणाले. "खरा साधू बाटलीकडे बघून हसत नाही."

"मग काय, व्याह्यांना पाणी पाजणार?"

व्याही अमिल्कारे फरशांचे व्यापारी होते आणि स्वभावाने अतिशय सभ्य होते. ते म्हणाले, "राहू द्या हो. नसेल तर नसेल." ही सभ्यताच एर्मेतेंना झोंबली. त्यांनी रुमालाने ओठ टिपले आणि ते वाक्य बोलले. वर पुस्तीही जोडली, "शेवटी साधू म्हणजे माणसंच. तेहतीस वनस्पती आणि अल्कोहोल. छत्तीस वर्षं मी याहून गुंतागुंतीची प्रकरणं हाताळली आहेत."

"मग आम्ही तुमच्या शब्दावर थांबतो," व्याही म्हणाले. झालं.

सोमवारी सकाळी फाईल उघडली गेली. फाईलवर सुवाच्य अक्षरात 'बार्नाबिना (घरगुती)' असं नाव पडलं. पहिला प्रश्न होता की त्या तेहतीस वनस्पती कोणत्या. हा प्रश्न एर्मेतेंनी चौकातल्या कॉफीच्या दुकानात सहज म्हणून विचारला, आणि तिथेच चूक झाली. कारण बार्नाबिनात काय असतं हे कास्तेलमोरात कोणालाच माहीत नव्हतं, पण प्रत्येकाला खात्रीने माहीत होतं. न्हावी म्हणाला केशर. पोस्टमन म्हणाला केशर वगैरे काही नाही, अक्रोडाची हिरवी सालं. खालच्या मजल्यावरच्या सिन्योरा झेलिंदांची आजी मठाच्या चादरी धुवायची. तिने मरताना सांगितलं होतं की सगळी जादू बडीशेपेच्या मुळात आहे.

"मरताना बडीशेपेबद्दल बोलली?" एर्मेतेंनी विचारलं.

"मग काय खोटं बोलेल? मरणाऱ्या बाईवर विश्वास नाही तुमचा, बाल्दास्सीसाहेब? तिच्या मृत्यूची नोंद तुम्हीच केलीत!"

चार दिवसांत तेहतीस जागांसाठी एकाहत्तर अर्ज आले. एर्मेतेंनी रीतसर छाननी केली. वासाने, चवीने आणि शिफारशीने. बडीशेपेचं मूळ शिफारशीवर आत आलं, कारण झेलिंदाबाई रोज जिन्यात भेटत.

मग गोळा करायचं काम. कडू दवणा सगळ्यात उत्तम कुठे उगवतो, तर कब्रस्तानाच्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत. भर दुपारी बाल्दास्सीसाहेब पिशवी घेऊन तिथे वाकले असताना मागून आवाज आला, "काय चाललंय?" पिठाच्या गिरणीवाल्याची विधवा हातात फुलं घेऊन उभी होती.

"काही नाही, सिन्योरा. दवणा तोडतोय."

"माझ्या नवऱ्याच्या उशाचा?"

"उशाचा नाही. जरा बाजूचा."

"जिवंत होता तेव्हा तुम्ही त्याला एका दाखल्यासाठी तीन खेपा घालायला लावल्यात. आता तरी पडू द्या त्याला!" बाईंनी हे गावभर सांगितलं, आणि तीन खेपा होत्या त्याच्या संध्याकाळपर्यंत नऊ झाल्या. एर्मेतेंना याचं फार लागलं. खेपा दोनच होत्या. तारखा त्यांना पाठ होत्या.

पाला वाळवायचा कुठे? माळा सगळ्या बिल्डिंगचा सामायिक. तिथे झेलिंदाबाईंचे कपडे. न्हाणीघरात दोऱ्या बांधल्या, तिथे इओलेने दोन दिवस सहन केलं आणि तिसऱ्या दिवशी सेजच्या पाल्याच्या जुड्या डोक्यात अडकवूनच बाहेर आली. त्याच दुपारी जुड्या हलवल्या गेल्या. हवेशीर, कोरडी, अंधारी अशी एकच खोली उरली होती: नोर्माची. नोर्मा त्या आठवड्यात मावशीकडे गेली होती. एर्मेतेंनी चाळीस जुड्या टांगल्या, आणि त्यांच्या मधोमध पांढऱ्या कापडात गुंडाळून जे काही लटकत होतं ते काय आहे याची चौकशी केली नाही.

तो लग्नाचा पोशाख होता.

नोर्मा परत आली, तिने कापड सोडलं, नाक लावलं आणि खाली बसली. "बाबा, मला नवरी म्हणून पाठवताय की पोटदुखीवरचं औषध म्हणून?"

पोशाख बाल्कनीत वाऱ्यावर टाकला. त्यामुळे खालून जाणाऱ्या प्रत्येकाला मान वर करून मत देता आलं. कोणी म्हणालं व्हिनेगर शिंपडा, कोणी म्हणालं दुधाची वाफ द्या. न्हावी म्हणाला, आहे तसा राहू द्या, जावई आयुष्यात कधी अपचनाची तक्रार करणार नाही.

पण खरं संकट आणलं ते एर्मेतेंच्या सचोटीने. कास्तेलमोरात दुकानात अल्कोहोलची बाटली मीठ मिळावं तशी मिळते; गावातल्या अर्ध्या बायका लिंबाची साल टाकून घरी काही ना काही करतात आणि त्याबद्दल आजवर कोणी कोणाला विचारलेलं नाही. एर्मेतेंनी विचारलं. त्यांनी जिल्ह्याच्या अबकारी कचेरीला दोन प्रतींत अर्ज केला की, 'अधोस्वाक्षरी करणारा आपल्या कन्येच्या विवाहाप्रीत्यर्थ औषधी पेय करू इच्छितो, तरी त्यास परवाना लागतो किंवा कसे, हे कळवण्याची कृपा व्हावी.'

"तुला वेड लागलंय का?" ओत्ताव्हिओ ओरडला. "झोपलेल्या कचेरीला कोणी उठवतं?"

"नियम विचारला आहे फक्त."

"आजवर कोणी विचारला नव्हता, म्हणून तर तो नव्हता!"

आणि तसंच झालं. अकरा दिवसांनी उत्तर आलं. 'आपला अर्ज नोंदला आहे. सदर अर्ज कोणत्या नमुन्यात करावयास हवा होता हे ठरलेले नाही. ते ठरेपर्यंत आहे ती परिस्थिती कायम ठेवावी.' आहे ती परिस्थिती म्हणजे तेव्हा घरात पाला होता आणि अल्कोहोल नव्हतं. एर्मेते ती कायम ठेवायला मनापासून तयार होते. पण पत्र आलं त्याच दुपारी ओत्ताव्हिओने तीन गावांच्या दुकानांतून अठरा लिटर आणून स्वयंपाकघरात मांडलं. "आता ही आहे ती परिस्थिती," तो म्हणाला. "ठेव कायम."

वेताचं आवरण असलेल्या मोठ्या काचेच्या सुरईत सगळं एकत्र झालं. ऑगस्टचं ऊन, स्वयंपाकघराचा तापलेला कोपरा, बूच घट्ट बसवलेलं. सहाव्या दिवशी दुपारी, सगळी बिल्डिंग वामकुक्षीत असताना, तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. बूच सापडलंच नाही. त्या धक्क्याने सुरईच्या पोटाला चीर गेली, आणि एर्मेते भांडी घेऊन धावेपर्यंत तीनएक लिटर फळ्यांमधून खाली निघून गेलं होतं.

"बाल्दास्सीसाहेब!" खालून झेलिंदाबाईंची हाक आली. "माझ्या छतातून पाचू गळतायत!"

बाईंनी प्रसंगावधान राखून खाली तांब्याचं पातेलं लावलं होतं. दुसऱ्या दिवशी ते त्यांनी वर आणून दाखवलं. "बघा. कल्हई गेली. आणि हे तुम्ही लोकांच्या पोटात घालणार?"

हे संभाषण दारात चालू असतानाच जिन्यातून एक करड्या सुटातला माणूस वर आला. जिल्ह्याच्या कचेरीतले निरीक्षक क्वाल्या. त्यांच्या बगलेत एर्मेतेंच्या फाईलपेक्षा जाड फाईल होती.

"आपणच अर्ज केलात ना?" ते नम्रपणे म्हणाले. "आमच्या कचेरीच्या इतिहासातला हा पहिलाच. साहेब म्हणाले, स्वतः जाऊन बघून या."

निरीक्षकांना बसवलं, कॉफी दिली. त्यांनी नियम समजावला. हा द्रव जर पेय असेल, तर तो विनापरवाना केल्याबद्दल दंड आहे. पेय नसेल, तर तो काय आहे याच्याशी कचेरीला कर्तव्य नाही. आणि पेय आहे की नाही हे चाखल्याशिवाय कसं ठरणार? इओलेने पेला आणला. निरीक्षकांनी घोट घेतला. काही क्षण त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. मग डावा डोळा आपोआप मिटला, आणि तो पुन्हा उघडायला बराच वेळ लागला. त्यांनी पाणी मागितलं. पुन्हा मागितलं. मग पेन काढून दहा मिनिटं लिहीत बसले आणि वाचून दाखवलं:

"सदर हिरवा द्रव कोणत्याही अर्थाने पेय नाही. एकदा चाखलेला मनुष्य तो पुन्हा चाखेल अशी शक्यता आढळून येत नाही. सबब कारवाईचे कारण नाही."

"हरकत आहे!" एर्मेते ताडकन उठले. "थोडा कडवट असेल, मान्य. अजून मुरायचं आहे. पण पेय नाही म्हणजे काय?"

इओलेने टेबलाखालून त्यांच्या पावलावर पाय दिला. निरीक्षक मृदू स्वरात म्हणाले, "बाल्दास्सीसाहेब, आपण पेय आहे म्हणालात, तर मला दुसरा कागद काढावा लागेल. तो बराच मोठा आहे."

दारात झेलिंदाबाई पातेलं धरून श्वास रोखून उभ्या होत्या. एर्मेतेंनी आपल्या हिरव्या सुरईकडे पाहिलं. "पेय नाही," ते म्हणाले. एखाद्या बापाने आपल्याच पोराला ओळखत नाही म्हणावं, असा तो आवाज होता. सही झाली. शिक्का बसला. शिक्का सरळ बसला होता, एवढंच काय ते समाधान.

दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून बसले. तिसऱ्या दिवशी इओले म्हणाली, "इथे भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा वर जाऊन विचार ना त्यांना, काय चुकलं ते. रागावले तर रागावतील. मारणार कसे? हात मोडलेत त्यांचे."

तेव्हा लग्नाला सहा आठवडे होते. एर्मेते एक छोटी बाटली घेऊन डोंगर चढले. ब्रदर लिबोरिओ मठाच्या मागच्या बागेत बाकावर बसले होते. सत्त्याहत्तर वर्षांचा बुटका माणूस, दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, मांडीवर दोन पावाच्या लाद्या ठेवाव्यात तसे. एर्मेतेंनी सगळा कबुलीजबाब दिला, आणि बूच काढून बाटली त्यांच्या नाकाखाली धरली.

लिबोरिओंनी डोळे मिटले. "कडू दवणा," ते म्हणाले. "भिंतीजवळचा. दुपारी तोडलास, तापलेला. पुदिना पाऊस पडून गेल्यावरचा. सेज दोन जातींचं, एक नको होतं. बडीशेपेचं मूळ का घातलंस?"

"शिफारस होती."

"हं. आणि वाळवलंस आधी साबणाजवळ, मग..." ते थांबले, पुन्हा हुंगलं. "रेशमाजवळ?"

एर्मेतेंनी टोपी काढली. का काढली हे त्यांनाही कळलं नाही. आयुष्यभर त्यांनी लोकांची कागदपत्रं पाहून लोक ओळखले होते. हा माणूस बाटली हुंगून त्यांचा सगळा उन्हाळा वाचत होता. "फार वाईट झालीय का?"

"फार. हात असते तर टाळ्या वाजवल्या असत्या. इतकं वाईट करायलाही मेहनत लागते. माझी पहिली याहून वाईट होती. डुकरांनीसुद्धा तोंड फिरवलं." मग ते एर्मेतेंच्या हातांकडे बघू लागले. उलटसुलट, बैल घेताना बघतात तसे. "हात कापतात का रे तुझे?"

"छत्तीस वर्षं नोंदवहीत लिहिलंय. खाडाखोड नाही."

गोष्ट अशी होती की तळघरात दोन वर्षं मुरलेला अर्क पिंपांत तयार होता. त्याला शेवटचा ताजा पाला लागायचा, आणि तो आत्ताच, या तीन आठवड्यांत. लिबोरिओंचं नाक शाबूत होतं, हात नव्हते. बाकीच्या सहांपैकी एकाला दिसत नव्हतं, एकाला शिंका येत होत्या, आणि उरलेल्यांचे हात लिबोरिओंच्या प्लास्टरपेक्षाही निरुपयोगी होते. मठाधिपतींनी एका अटीवर परवानगी दिली: मठाच्या भिंतींच्या आत काहीही लिहायचं नाही. एर्मेतेंनी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. 'भिंतींच्या आत' हे शब्द मात्र त्यांच्या कारकुनी कानाने जरा वेगळे टिपून ठेवले.

असे तीन आठवडे बाल्दास्सीसाहेबांनी आयुष्यात कधी काढले नव्हते. पहाटे वर जायचं. लिंबाच्या वासाचा पाला त्याच्यावर ऊन पडायच्या आत खुडायचा. आणि घंटा झाली की थांबायचं, हातात निम्मीच मूठ असली तरी. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "चारच पानं राहिलीत, घेऊन टाकतो." लिबोरिओ म्हणाले, "ती उद्याची आहेत." मग आतल्या खोलीत पितळी तराजू. भिंतभर खण, एकावरही नाव नाही. लिबोरिओ खुर्चीत डोळे मिटून बसत आणि सांगत, "वरून तिसरा. घाल. घाल. हळू. बस. दोन पानं काढ." एर्मेते काढून बघत, तर काटा अगदी मधोमध. पारड्यात पडणाऱ्या पाल्याच्या आवाजावरून तो माणूस वजन ओळखत होता. तोललेला प्रत्येक वाडगा शिंकणारे ब्रदर झेनोने येऊन पडद्याआड घेऊन जात.

"एखादं पान इकडंतिकडं झालं तर कळणार कोणाला?" एकदा एर्मेतेंनी न राहवून विचारलं.

"मला," लिबोरिओ म्हणाले. जरा वेळाने पुढे म्हणाले, "आणि नदीपलीकडे एक म्हातारी आहे. चाळीस वर्षं रोज जेवणानंतर थेंबभर घेते. तिलाही कळतं. चिठ्ठी पाठवते. कडक असतात तिच्या चिठ्ठ्या."

त्या म्हातारीची एर्मेतेंना निरीक्षक क्वाल्यांपेक्षा जास्त भीती वाटू लागली. त्यांचे अंगठे हिरवे झाले, कंबर धरली, पण काटा हलेनासा झाला. एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून कोणाशी एक शब्द बोललेलो नाही आणि आपल्याला त्याचं काही वाटलेलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मात्र हात शिवशिवत. जेवण झालं की ते वही काढत आणि सुवाच्य अक्षरात लिहीत: खण, पाला, वजन, वेळ. ओत्ताव्हिओने खांद्यावरून डोकावून शीळ घातली. "अरे, अडीचशे वर्षांत हे कोणाला जमलं नाही! खजिना आहे हा."

"शब्द दिला होतास ना?" इओले म्हणाली.

"भिंतींच्या आत न लिहिण्याचा. हे आपलं स्वयंपाकघर आहे."

इओले भांडी विसळायला गेली आणि ती नेहमीपेक्षा जोरात विसळली.

वहीत सगळे मिळून पन्नास पाले जमले. लोक तेहतीस म्हणतात! लोकांना काय कळतंय, असं म्हणून एर्मेते गालातल्या गालात हसले.

लग्न छान झालं. पोशाखाला दवण्याचा वास किंचित येत होता, पण जावई म्हणाला की त्याला आवडला, आणि तो खरंच बोलत असावा. जेवणं झाल्यावर मठातून आलेल्या सहा बाटल्यांपैकी पहिलीचं बूच निघालं. दोन्ही व्याही समोरासमोर उभे राहिले. अमिल्कारेंनी पेला रिकामा केला. घशातली खिडकी उघडेपर्यंत सगळा मांडव थांबला.

"व्याही," ते म्हणाले, "माझ्या लग्नातलीसुद्धा अशी नव्हती. तुम्ही होतात ना मठात? खरं सांगा, काय काय असतं यात?"

साठ माणसं एर्मेतेंकडे बघत होती. न्हावी होता, पोस्टमन होता, झेलिंदाबाई मान पुढे काढून होत्या. हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून एर्मेतेंनी सबंध उन्हाळा वाट पाहिली होती. उत्तर जिभेवर होतं, अनुक्रमांकासह. त्यांनी हातातल्या पेल्याकडे पाहिलं, आपल्या हिरव्या अंगठ्याकडे पाहिलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण ती आयुष्यातली त्यांची स्वतःहून केलेली पहिली खोटी नोंद होती, आणि पुढचा केक त्यांना गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन ते डोंगर चढले. लिबोरिओंचं प्लास्टर निघालं होतं. हात बारीक, पांढुरके झाले होते. उजवं मनगट निम्मंच वळत होतं. एर्मेतेंनी वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. "भिंतींच्या बाहेर लिहिलं," ते म्हणाले. "पण जे लिहिलं ते आतलंच होतं. मला क्षमा करा."

लिबोरिओंनी चष्मा लावला आणि पानन् पान वाचलं. मधेच एकदा मान डोलावली. "अक्षर सुंदर आहे रे."

एर्मेते खाली मान घालून उभे होते.

"पन्नास," लिबोरिओ म्हणाले.

"हो. लोक उगाच तेहतीस म्हणतात."

"लोक बरोबर म्हणतात."

एर्मेतेंना कळायला वेळ लागला. "मग वरचे सतरा?"

"पडद्यामागून कोंबड्यांना. यंदा अंडी कडू आहेत, मठाधिपती कुरकुरतात." लिबोरिओंनी चष्मा उतरवला. "सतरा पाले मीही अकरा वर्षं तोलले. गुरूंनी सांगितलंच नाही. मी तर झग्याच्या अस्तरावर शाईने लिहून ठेवायचो. एकदा झगा धुवायला गेला आणि सगळा मठ निळ्या झग्यांत फिरला."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"कशाला रागावू?" म्हातारा बागेकडे बघत म्हणाला. "आत सहाजण आहेत. कोणी विचारतसुद्धा नाही की त्यात काय असतं. मनगटं मोडली तेव्हा मला वाटलं, झालं, संपलं. आणि मग तू ती भयंकर बाटली घेऊन आलास." त्यांनी वही एर्मेतेंच्या हातात परत दिली. "घेऊन जा. सतरा चुका आहेत तिच्यात, म्हणजे धोका नाही."

छत्तीस वर्षं खाडाखोड न केलेल्या माणसाने सतरा चुकांची वही छातीशी धरली.

"हे मनगट आता एवढंच वळणार," लिबोरिओ म्हणाले. "पुढच्या ऑगस्टला येशील?"

"येईन." एर्मेते घुटमळले. "आणि कोंबड्यांना पुन्हा सतरा?"

लिबोरिओंनी बराच विचार केला. उजवं मनगट जेवढं वळत होतं तेवढं वळवून पाहिलं.

"सोळा," ते म्हणाले.

एर्मेते दुपारी घरी पोचले. इओले दारातच उभी होती. "काय म्हणाले? संपलं का आता एकदाचं ते काम?"

एर्मेतेंनी टोपी खुंटीला अडकवली, खुर्ची ओढली आणि रुमाल मांडीवर पसरला.

"वर्षाला एक पाला. सतरा वर्षं लागतील," ते म्हणाले. "सूप आहे का?"